रबराची धाव

बैलगाडीचे चाक ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना त्याच्या घेरावर बसविलेली लोखंडी पट्टी खचित आठवत असेल. या पट्टीला आपल्याकडे 'धाव' म्हणतात. लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करीत असे. मग ती गोवऱ्यांच्या आरात तापवून लाल करी आणि तापून प्रसरण पावलेली ती धाव लाकडी चाकावर चढवून वर पाणी ओती. थंड होताच धाव आकुंचन पावे आणि चाकाचे आरे व लाकडी घेर घट्ट आवळले जात. पुढे वर्षानुवर्षे वाटेवरचे खडे, धोंडे आणि चिखल यांच्याशी झगडण्याचे काम त्या धावेकडे असे. चाकाऐवजी ती झिजे, आणि ती झिजली म्हणजे शेतकरी पुन्हा लोहाराकडे जाई.

आज आपल्या रस्त्यांवरून धावणाऱ्या मोटारसायकलींच्या चाकांनाही धाव असते. मात्र ती रबराची असते आणि तिला आपण टायर म्हणतो. लोखंडी धावेपेक्षा रबरी धावेची कामे अधिक आहेत. तिने गाडीचा आणि माणसांचा भार तोलावयाचा, खड्ड्यांचे हादरे स्वतः सोसावयाचे, वळणावर गाडीला सावरावयाचे आणि ब्रेक दाबताच रस्ता घट्ट धरून ठेवावयाचा. एवढी कामे करीत असताना तीही कणाकणाने झिजत असते. लोखंडी धाव झिजून सैल झाली की खडखड आवाज करून मालकाला जागे करी. रबराची धाव मात्र निमूटपणे झिजते. म्हणूनच तिची झीज ओळखण्यासाठी माणसाला आपले डोळे आणि आपली बुद्धी यांचाच उपयोग करावा लागतो.

रबराला आलेले बळ

रबर हा मुळात एका झाडाचा चीक. केरळातील रबराच्या मळ्यांत झाडाच्या सालीला तिरकी चीर देऊन तो वाटीत गोळा करतात. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि कडक थंडीत कडक व ठिसूळ बनते. अशा पदार्थाचा चाकाला काय उपयोग होणार? चार्ल्स गुडइयर नावाच्या अमेरिकन संशोधकाने अनेक वर्षे धडपड करून १८३९ साली यावर तोड काढली. रबरात गंधक मिसळून ते तापविले असता ते टिकाऊ आणि लवचीक होते, असे त्याला आढळून आले. १८४५ साली रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश तंत्रज्ञाने हवा भरलेल्या चाकाचे पहिले एकाधिकारपत्र मिळविले. पण त्या काळी या शोधाचे चीज झाले नाही. पुढे १८८८ साली बेलफास्ट शहरातील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने हीच कल्पना पुन्हा नव्याने शोधून काढली. त्याच्या लहान मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार आदळत असे. ते धक्के कमी व्हावेत म्हणून त्याने चाकांना हवा भरलेल्या रबरी नळ्या बसविल्या. पित्याच्या मायेतून निघालेल्या त्या युक्तीवर आज साऱ्या जगाची वाहतूक चालते. आपल्या महाराष्ट्रातही मुंबईत १९५८ साली सिएट या टायर कंपनीची स्थापना झाली.

टायरचा रंग काळा का असतो, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. शुद्ध रबर काळे नसते. त्यात विशिष्ट प्रकारची बारीक काजळी मिसळतात, आणि या काजळीमुळे रबराची झीज सोसण्याची शक्ती कितीतरी पटींनी वाढते. ओल्या रस्त्यावर पकड चांगली राहावी म्हणून सिलिका नावाचे वाळूच्याच जातीचे द्रव्यही अनेक टायरांत घालतात. हवा आणि ऊन यांपासून रबराचे रक्षण करणारी रसायने असतात. आत नायलॉनसारख्या बळकट धाग्यांचे थर असतात, आणि कडेला पोलादी तारेची कडी असते. म्हणजे वरवर साधा दिसणारा टायर हा अनेक पदार्थांचा विचारपूर्वक साधलेला मेळ आहे.

पोस्टकार्डाएवढी जागा

आता एक लहानसे गणित करू. मोटारसायकल आणि तिच्यावर बसलेला माणूस यांचे मिळून वजन २०० किलो आहे, असे समजा. टायरांत हवेचा दाब दर चौरस इंचाला २८ पौंड, म्हणजेच दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो आहे. हा सारा भार मुख्यतः कोंडलेल्या हवेने पेललेला असतो. तेव्हा २०० भागिले २, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर एवढीच जागा दोन्ही चाकांची मिळून रस्त्याला टेकलेली असते. आपले साधे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते. त्याचे क्षेत्रफळ १२६ चौरस सेंटिमीटर भरते. एका पोस्टकार्डाहूनही लहान अशा जागेवर माणसाचा जीव विसंबून असतो! आई मुलाला शाळेत सोडते, कामगार कारखान्यात जातो, टपालवाला पत्रे वाटतो, ते सारे या एवढ्याशा जागेच्या भरवशावर. मग त्या जागेतील रबर कसे आहे, याची चौकशी न करणे शहाणपणाचे ठरेल काय?

नवी मुंबईचे रस्ते

टायरचे आयुष्य कसे जाते हे पाहावयाचे तर नवी मुंबईसारखे दुसरे गाव शोधण्याची गरज नाही. मुंबईच्या गर्दीवर उपाय म्हणून १९७० साली सिडको ही संस्था स्थापन झाली आणि ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस, जेथे भातशेती, मिठागरे आणि कोळी-आगरी बांधवांची गावे होती, तेथे हे शहर आखण्यात आले. येथील रस्ते नाना तऱ्हांचे आहेत. वाशीहून बेलापूरकडे जाणारा पाम बीच मार्ग सुमारे १० किलोमीटर लांबीचा, रुंद आणि बव्हंशी सरळ. ठाणे-बेलापूर रस्ता कारखान्यांच्या पट्ट्यातून जाणारा. त्यावर काँक्रीट आहे आणि अवजड वाहनांची वर्दळ आहे. सायन-पनवेल महामार्गाने मुंबईचा आणि पुण्याचा प्रवाह एकमेकांना भेटतो. १९८९ साली न्हावा-शेवा येथे बंदर सुरू झाल्यापासून मालाच्या मोठमोठ्या पेट्या वाहणारी वाहनेही या भागातून जातात. त्यांच्यातून गळालेले खिळे, तारांचे तुकडे आणि लोखंडाच्या कपच्या रस्त्यावर पडतात. या सर्वांवर कडी म्हणजे येथील पाऊस. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस येथे कोसळतो, आणि उरलेल्या आठ महिन्यांत ऊन, धूळ आणि खाडीवरचे दमट वारे असतात.

अशा या शहरातील एका टायरजोडीची कथा आपण कल्पनेने पाहू. खारघरला राहणारा एक कामगार रबाळे येथील औद्योगिक वसाहतीत रोज मोटारसायकलने जातो. जाऊन-येऊन त्याचे ४० किलोमीटर होतात. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरले, तर वर्षाकाठी १२,००० किलोमीटर भरतात. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर महिन्यात, त्याने गाडीला दोन्ही टायर नवे घातले. मागच्या टायरच्या खाचा ७ मिलिमीटर खोल आहेत आणि पुढच्याच्या ५ मिलिमीटर. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. गाडी, भार, रस्ता आणि चालविण्याची रीत यांप्रमाणे ते बदलतात. पण त्यांतून निघणारा बोध सर्वांस सारखाच लागू पडतो.

पहिले दिवस आणि पहिला पावसाळा

नवा टायर सर्वांत विश्वासू असतो, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु पहिल्या दोन-तीन दिवसांत तो थोडा निसरडा असतो. साच्यातून निघालेला त्याचा पृष्ठभाग फार गुळगुळीत असतो. रस्त्यावर थोडा घासला जाऊन तो खरबरीत झाल्यावरच त्याची पकड पुरी होते. म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी बेताने चालवावी आणि वळणावर फार कलवू नये.

जून महिना उजाडेपर्यंत आपल्या कामगाराचे ८,००० किलोमीटर होतात. मागच्या टायरच्या खाचा ७ मिलिमीटरांवरून सुमारे साडेचार मिलिमीटरांवर येतात. पहिल्या सरीने रस्त्यावरील धूळ आणि वाहनांतून ठिबकलेले तेल यांचे बुळबुळीत मिश्रण होते. ते वाहून जाईपर्यंत रस्ता भर पावसापेक्षाही अधिक घातकी असतो. पांढऱ्या पट्ट्यांचा रंग आणि गटारांची लोखंडी झाकणे यांवर तर नव्या टायरचेही फारसे चालत नाही. परंतु सर्वत्र पाणी पसरलेल्या रस्त्यावर खाचांचे खरे मोल कळते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग १० सेंटिमीटर लांब धरला, तर रबराचा प्रत्येक कण रस्त्याला सेकंदाच्या सुमारे १७०व्या भागाएवढा वेळच स्पर्श करतो. तेवढ्यात खालचे पाणी बाजूला सारले गेले पाहिजे. खाचा खोल असल्या म्हणजे पाण्याला पळावयास वाट मिळते, आणि रबर रस्त्याला भिडते. पहिला पावसाळा म्हणूनच निर्विघ्नपणे पार पडतो.

झीज किती सूक्ष्म असते

या गाडीच्या मागच्या टायरवर १००/९०-१७ असे आकडे आहेत. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरांत सांगतो. दुसरा, उंची ही रुंदीच्या शेकडा किती ते सांगतो. आणि तिसरा आतील चाकाचा व्यास इंचांत देतो. यावरून हिशेब केला, तर अशा टायरचा घेर सुमारे १.९२ मीटर भरतो. म्हणजे एका किलोमीटरात त्याचे ५२० फेरे होतात आणि २०,००० किलोमीटरांत १ कोटी ४ लाख! एवढ्या फेऱ्यांत ६ मिलिमीटर रबर झिजले, तर एक मिलिमीटर झिजण्यास सुमारे १७ लाख फेरे लागले. म्हणजेच एका फेऱ्यात टायर मिलिमीटरच्या सतरा लाखाव्या भागाएवढा झिजतो. ही झीज जवळजवळ रेणूंच्या मापाची झाली. ती डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि गाडी चालविताना जाणवतही नाही. कालच्यासारखीच गाडी आज चालते, आणि आजच्यासारखीच उद्या चालेल असे वाटते. या 'असे वाटण्या'तच सारा धोका साठलेला असतो.

झीज सर्वत्र सारखीही होत नाही. इंजिनाचा जोर मागच्या चाकाला मिळतो. पाठीमागे बसलेली व्यक्ती आणि सामान यांचा भारही त्याच्यावरच अधिक पडतो. त्यामुळे मागचा टायर पुढच्यापेक्षा साधारणपणे लवकर झिजतो. शिवाय पाम बीच मार्गासारख्या सरळ रस्त्यांवर टायरचा मधला पट्टाच सतत रस्त्याला टेकतो. परिणामी मुळात गोल असलेला टायर मध्ये सपाट होतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कंगोरे तयार होतात. असा टायर सरळ चालताना काही तक्रार करीत नाही; मात्र वळणावर गाडी कलली की ती सपाटीवरून कंगोऱ्यावर एकदम ढळल्यासारखी वाटते. पुढच्या टायरवर ब्रेकचा ताण अधिक येतो. त्याच्या नक्षीच्या ठोकळ्यांची एक कड दुसरीपेक्षा जास्त झिजते आणि हात फिरविला असता ती करवतीच्या दातांप्रमाणे लागते.

हवा: न दिसणारा आधार

टायर लवकर निकामी होण्याचे एक मोठे कारण म्हणजे हवेकडे झालेले दुर्लक्ष. हवा कमी असली म्हणजे टायर दबतो, प्रत्येक फेऱ्यात त्याच्या बाजू अधिक वाकतात आणि या वाकण्याने तो आतून तापतो. उष्णतेने रबर व धागे यांचा जोड दुबळा होतो. पेट्रोलही जास्त जळते. याउलट हवा प्रमाणाबाहेर भरली तर टायर फुगून फक्त मधोमध टेकतो, मधला भाग झपाट्याने झिजतो आणि पकड कमी होते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पुढच्या व मागच्या चाकाचा दाब दिलेला असतो. मागे माणूस बसणार असल्यास मागच्या चाकात किती अधिक दाब हवा, हेही लिहिलेले असते. चाललेल्या गाडीचा टायर तापून आतला दाब वाढतो. म्हणून मोजणी नेहमी टायर गार असताना करावी. पंधरा दिवसांतून एकदा एवढे काम केले, तरी टायरचे आयुष्य पुष्कळ वाढते.

न चालताही येणारे म्हातारपण

काहीजण म्हणतात, "माझी गाडी फार चालतच नाही; टायर नव्यासारखे आहेत." हाही एक भ्रमच आहे. हवेतील प्राणवायू आणि ओझोन रबराशी हळूहळू संयोग पावतात; ऊन त्यात भर घालते. रबर कडक होते आणि बाजूंवर केसाएवढ्या बारीक भेगा दिसू लागतात. गाडी चालत असताना टायर वाकतो आणि त्यातील संरक्षक द्रव्ये पृष्ठभागावर येत राहतात. एकाच जागी उभ्या असलेल्या गाडीला हा लाभही मिळत नाही. म्हणून टायरचे वय पाहावे लागते, आणि ते त्याच्या अंगावरच कोरलेले असते. बाजूवरील एका लंबगोलात चार आकडे असतात. तेथे '२३२३' असे असेल, तर तो टायर २०२३ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला, असा त्याचा अर्थ. दुकानातून नवा टायर घेतानाही हे चार आकडे आणि भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह पाहून घ्यावे.

दुसऱ्या वर्षीचा मे महिना

आता आपण कथेच्या खऱ्या अवघड वळणावर आलो आहोत. ऑक्टोबरात घातलेल्या टायरांना दुसऱ्या वर्षीचा मे महिना संपताना वीस महिने झाले. गाडी २०,००० किलोमीटर चालली. पुढच्या टायरमध्ये २ मिलिमीटर खोली शिल्लक आहे. मागच्यात केवळ १ मिलिमीटर उरली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांप्रमाणे दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या टायरवर निदान ०.८ मिलिमीटर आणि इतर मोटार वाहनांच्या टायरवर १.६ मिलिमीटर खोली असली पाहिजे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आपला कामगार अजून निर्दोष आहे. शाळा सुरू होण्याचे दिवस आहेत. मुलांची पुस्तके, गणवेश आणि छत्र्या घ्यावयाच्या आहेत. गाडी तर छान चालते आहे. "एवढा पावसाळा निघू द्या, दिवाळीला टायर बदलू," असा विचार त्याच्या मनात येणे स्वाभाविक नाही काय?

या विचाराला एक फसवा आधारही मिळतो. कोरड्या रस्त्यावर झिजलेला टायर वाईट चालत नाही. शर्यतींच्या मोटारसायकलींना तर कोरड्या दिवशी खाचा नसलेले गुळगुळीत टायरच घालतात, कारण खाचा नसल्या म्हणजे रबर रस्त्याला अधिक टेकते. तेव्हा मे महिन्याचा अनुभव मनाशी धरून जूनचा निर्णय घेणे म्हणजे कोरड्या नदीत उभे राहून पुराची खोली ठरविण्यासारखे आहे.

अनुभव फसवितो तेथे हिशेब उपयोगी पडतो. २०,००० किलोमीटरांत ६ मिलिमीटर, म्हणजे ३,३०० किलोमीटरांत जवळजवळ १ मिलिमीटर, हा झिजेचा वेग आहे. कायद्याची मर्यादा गाठण्यास आता फक्त ०.२ मिलिमीटर शिल्लक आहे. ती अवघ्या ६६० किलोमीटरांत, म्हणजे कामाच्या सोळा-सतरा दिवसांत संपेल. जूनच्या तिसऱ्या आठवड्यातच टायर नियमाबाहेर जाईल. आणि सप्टेंबर संपेपर्यंत आणखी ४,००० किलोमीटर चालले, तर सव्वा मिलिमीटरच्या आसपास झीज होईल. पण शिल्लक तर एकच मिलिमीटर होती! म्हणजे पावसाळा संपण्यापूर्वीच टायरचा गोटा झालेला असेल.

गोटा झालेल्या टायरखालच्या पाण्याला वाट मिळत नाही. रबर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पडदा राहतो आणि घर्षण कमी होते. घर्षण निम्मे झाले तर थांबण्याचे अंतर दुप्पट होते, हे भौतिकशास्त्राचे साधे गणित आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून समजा १८ मीटरांत थांबत असेल, तर निम्म्या घर्षणाने तिला ३६ मीटर लागतील. मधल्या १८ मीटरांत रस्ता ओलांडणारे मूल असेल, अचानक थांबलेली बस असेल, किंवा पाण्याने झाकलेला खड्डा असेल. रबराची जाडी कमी झाल्यामुळे खिळे आणि तारा लवकर आत शिरतात, आणि भर पावसात पंक्चर होण्याचा संभवही वाढतो.

आपला कामगार हा हिशेब कागदावर मांडतो. पैशांची ओढाताण आहे, हे खरे. पण टायर आज ना उद्या घ्यावाच लागणार आहे. पावसाळ्यानंतर घेतला तर खर्च चार महिन्यांनी लांबणीवर पडेल, टळणार नाही. त्या चार महिन्यांच्या सवलतीसाठी वर्षातील सर्वांत धोक्याचे दिवस सर्वांत वाईट टायरवर काढावयाचे, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे, असे त्याच्या ध्यानात येते. तो मे महिन्यातच मागचा टायर बदलतो. पुढच्या टायरचाही तो असाच हिशेब करतो. २०,००० किलोमीटरांत तो ३ मिलिमीटर झिजला. चार महिन्यांत आणखी ०.६ मिलिमीटर झिजेल आणि १.४ मिलिमीटर उरेल. म्हणजे तो पावसाळाभर नियमात राहील खरा; परंतु वळण आणि ब्रेक यांचा मोठा भार पुढच्या चाकावर असल्यामुळे त्याच्यावर दर आठवड्यास नजर ठेवण्याचे आणि त्यावर एकही भेग दिसली तर तोही बदलण्याचे तो ठरवितो.

झिजलेले रबर जाते कोठे?

आणखी एका प्रश्नाचा विचार करावयाचा राहिला. सहा मिलिमीटर रबर झिजले म्हणजे ते नाहीसे झाले काय? विश्वात काहीही नाहीसे होत नाही. एका टायरमधून पाव ते अर्धा किलो रबर धुळीच्या रूपाने रस्त्यावर पडते. काही हवेत उडते; बाकीचे पावसाच्या पाण्याबरोबर गटारांतून नाल्यांत आणि नाल्यांतून ठाण्याच्या खाडीत जाते. या खाडीत दरवर्षी हजारो रोहित पक्षी उतरतात. २०१५ साली खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली तिला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान मिळाला. टायर योग्य दाबाने आणि संथपणे चालविला, उगाच वेग घेऊन कचकन ब्रेक दाबण्याची सवय सोडली, तर रबर कमी झिजते. अशा रीतीने जी गोष्ट आपल्या सुरक्षिततेची, तीच खाडीतील मुक्या जिवांच्याही हिताची ठरते. जुना टायर अंगणात पाणी साचून डास होण्यासाठी टाकू नये किंवा शेकोटीत जाळू नये. तो दुकानदाराकडे परत द्यावा, म्हणजे त्याचे रबर पुन्हा उपयोगात आणता येते.

मुलांनो, तुमच्या घरी मोटारसायकल किंवा स्कूटर असेल, तर रविवारी सकाळी तिच्याजवळ बसा. टायरवरील लहान त्रिकोणाची खूण शोधा. तिच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी एक बारीक उंचवटा दिसेल. नक्षी झिजत झिजत त्या उंचवट्याच्या पातळीला आली, की टायरचे काम संपले असे समजावे. काडीपेटीतील काडी खाचेत उभी धरून खोली मोजा आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. दोन आकड्यांच्या वजाबाकीतून तुम्हाला झिजेचा वेग कळेल, आणि पुढचा पावसाळा त्या टायरवर निघेल की नाही, हे तुम्ही वडिलांना आधीच सांगू शकाल.

मोठी संकटे पुष्कळदा अशाच बारीक झिजेतून येतात. धरणाची भिंत, विहिरीचा दोर, दातांवरचे कवच, माणसाची चांगली सवय यांपैकी काहीही एका दिवसात झिजत नाही. रोजच्या रोज होणारा बदल डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याची नोंद ठेवावी लागते. ज्या कामगाराने मे महिन्यात वही उघडून वजाबाकी केली, त्याला पुढच्या जूनमध्ये भर पावसात ब्रेक दाबताना त्या वजाबाकीची आठवणही होणार नाही. त्याची गाडी जागच्या जागी थांबेल, समोरचे मूल रस्ता ओलांडून पलीकडे जाईल, आणि काही विशेष घडले असे कोणालाच वाटणार नाही. काळजीपूर्वक केलेल्या कामाचे फळ बहुधा असेच असते.

अभ्यास

१. बैलगाडीची धाव आणि मोटारसायकलचा टायर यांच्या कामांतील साम्य व भेद सांगा.

२. 'या असे वाटण्यातच सारा धोका साठलेला असतो,' असे लेखकाने का म्हटले आहे?

३. मागचा टायर पुढच्यापेक्षा लवकर का झिजतो? सरळ रस्त्यांचा त्याच्या आकारावर कोणता परिणाम होतो?

४. एका टायरच्या खाचा ६ मिलिमीटर खोल आहेत. ४,००० किलोमीटरांत तो १ मिलिमीटर झिजतो. किती किलोमीटरांनंतर तो ०.८ मिलिमीटरांच्या मर्यादेस येईल?

५. पुढील शब्दप्रयोगांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : तोड काढणे, चीज होणे, लांबणीवर पडणे, आतबट्ट्याचा व्यवहार.

६. 'कोरड्या नदीत उभे राहून पुराची खोली ठरविणे' या वाक्यातील कल्पना तुमच्या अनुभवातील दुसऱ्या एखाद्या प्रसंगास लावून दहा ओळी लिहा.